ऐकण्याचा खटका

रविवारी सकाळी आमच्या बोक्याने मला समोर बसवून माझे गुन्हे वाचून दाखवले.

बोका म्हणजे माझा मुलगा. वय बेचाळीस, केस विरळ, मोठ्या कचेरीत मोठी खुर्ची. पण चार वर्षांचा असताना दुधाच्या पातेल्यात तोंड घालताना सापडला, तेव्हापासून घरात तो बोकाच. मोबाइल डोळ्यांसमोर धरून तो एकेक कलम वाचत होता.

"गेल्या महिन्यात चार तारखेला तू गॅस चालू ठेवून खाली गेलीस. अकराला रक्तदाबाची गोळी दोनदा घेतलीस. अठराला न्हाणीघरात पडलीस. आई, पडलीस तू! आणि मला सांगितलंही नाहीस."

"मग तुला कुणी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं नाही."

मला तर तेच महत्त्वाचं वाटत होतं. पण बोका पुढे गेला होता. त्याने आपल्या घरातली मागची खोली रिकामी केली होती म्हणे, सूनबाईने पडदेसुद्धा लावले होते. पुढच्या एक तारखेला टेम्पो येणार, सामान भरणार आणि मी त्यांच्याकडे राहायला जाणार. ती खोली मी पाहिलेली आहे. तिची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि तिथे इतके दिवस इस्त्रीचं टेबल होतं. आता टेबलाच्या जागी मी.

माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि रस्त्यावरची गॅलरी. एकतीस वर्षं राहते आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली आणि लाज न बाळगता सांगते, एकटं राहणं मला आवडतं. रेडिओ मोठ्याने लावते, ओट्याशी उभ्याउभ्या जेवते, वाटलं तर दुपारी चारला आंघोळ करते. कुणी विचारत नाही, 'हे काय नवीन?'

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"आई, हट्ट करू नकोस."

"हट्ट लहान मुलं करतात. मी नाही म्हणतेय."

डॉक्टर रिपोर्टकडे बघतात तसं त्याने माझ्याकडे बघितलं, चहा अर्धा टाकला आणि निघून गेला. जाताना दारात पुन्हा म्हणाला, "एक तारीख." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता ते 'कुणी सांगितलं'चं. गॅस, गोळी आणि पडणं या तिन्ही गोष्टी मी जगात एकाच व्यक्तीला कळवल्या होत्या, आणि ती म्हणजे बारा नंबर.

मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एका लांब बोर्डापुढे आम्ही वीस जणी ओळीने बसायचो, आणि नावाऐवजी खुर्चीच्या नंबरानेच एकमेकींना हाक मारायचो. मी अकरा, माझ्या उजव्या हाताला बारा. दिवा लागला की दोरी उचलायची, खोचायची, नंबर विचारायचा, पलीकडच्याला जोडून द्यायचं. मग दोन्हीकडून 'हॅलो' ऐकू आलं की ऐकण्याचा खटका वर करायचा. खटका वर गेला की तुम्ही त्या दोघांच्या बोलण्यातून बाहेर. हा आमचा पहिला नियम होता आणि दुसरा नियम असा की लुकलुकणारा दिवा कधी तसाच ठेवायचा नाही. तीन सेकंदांत उत्तर गेलं पाहिजे. नाहीतर मुख्य बाई मागे येऊन उभ्या राहायच्या आणि मानेवर त्यांचा श्वास जाणवायचा.

इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून बारा नंबरचा उजवा कान गेला, मग डावाही गेला. आता ती दूर राहते आणि फोनवर तिला काहीही ऐकू येत नाही. म्हणून आम्ही दोघी संगणकावरून पत्रं लिहितो. रोज दुपारी, जेवण झालं की. काय खाल्लं, काय दुखतंय, कुणाची सून काय म्हणाली. पडले त्या दिवशीही मी तिला खुसखुशीत वर्णन करून लिहिलं होतं, की बादलीला मिठी मारून बसले होते आणि बादलीने मला शेवटपर्यंत साथ दिली. तिचं उत्तर आलं होतं, 'हसू नकोस. कठडा बसव.'

आणि तेच बोक्याकडे पोचलं? म्हणजे हिनेच चुगली केली. माझ्या मुलाचा पत्ता तिच्याकडे होताच. चौतीस वर्षं खांद्याला खांदा लावून बसलेली बाई, आणि मला माझ्याच घरातून उठवायला निघाली! मी तिला पत्रं लिहिणं बंद केलं. तिची पत्रं आली. 'आजारी आहेस का?' मी उघडली, वाचली, उत्तर दिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिची पत्रं यायचीही थांबली. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

मात्र कठडा बसवला. राग आपल्या जागी. सुतार बोलावला, न्हाणीघराच्या भिंतीत चांगला मनगटाएवढा दांडा ठोकून घेतला. गॅसजवळ गजराचं घड्याळ ठेवलं. गोळ्यांना वारांची डबी आणली. टेम्पो येईल तेव्हा येऊ दे, मी काही हातपाय गाळून बसणार नव्हते.

या सगळ्यात संगणक वेडा झाला. आधीपासूनच तो थोडा चळल्यासारखा करत होता, आता ताळतंत्रच सोडलं. वर्तमानपत्र उघडावं तर मध्येच चौकट उडी मारायची आणि त्यात पांढऱ्या केसांची एक जोडी दात दाखवत बाकावर बसलेली. 'निवांत वृद्धनिवास'. ती बंद करावी तर गुडघ्याचं तेल. ते बंद करावं तर लाल अक्षरांत लुकलुक: 'तुमच्या संगणकात ४१८ धोके! ताबडतोब होय दाबा.' मी दाबायची होय. मग धोके ५०२ व्हायचे. पत्त्यांचा डाव लावायला घेतला की एक पत्ता उलटायला दोन मिनिटं. आतला पंखा तर असा घुरघुरायचा की रेडिओ ऐकू येईना.

शेवटी नाक्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातून बाई बोलावली. पस्तिशीची असेल. अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला आणि चेहऱ्यावर एक रेष हलेल तर शपथ. तिने संगणक चालू केला, सात चौकटी एकदम उघडल्या, ती बघत राहिली.

"मावशी, घरात अजून कोण वापरतं?"

"कुणी नाही. मीच."

"एकट्या तुम्ही हे सगळं केलंत?" तिने जवळजवळ आदराने विचारलं.

मग ती एकेक काढायला लागली. शोधायची जादा पट्टी. हवामान सांगणारा ढग. फुकट घड्याळ. 'सफाई सम्राट' नावाचा एक, जो धोके मोजायचा आणि स्वतःच सगळ्यांत मोठा धोका होता. हे सगळे फुकटच्या पत्त्यांच्या डावाबरोबर आत आले होते. डाव उतरवून घेताना खाली बारीक अक्षरांत चौकोन होते, त्यांत आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या, आणि मी न वाचता पुढे गेले होते. एकदा आत शिरले की ते बघतात, तुम्ही काय शोधता. मी एकदा 'गुडघा' शोधलं होतं. त्यांना तेवढं पुरलं.

"पण मावशी, प्रत्येक चौकटीला होय का म्हणालात? बंद करून टाकायची."

"अगं, ती लुकलुकत होती."

"मग?"

आता हिला काय सांगू? दिवा लुकलुकला आणि मी बघत बसले, असं चौतीस वर्षांत एकदाही झालं नाही. माझा हात आपोआप जातो. मी तिला बोर्ड, दोरी, मुख्य बाई, सगळं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवून ऐकलं.

"तिकडे समोर खरा माणूस असायचा," ती म्हणाली. "इथे तुम्हाला फसवायलाच दिवा लावतात. हा लुकलुकू दे. मानेवर कुणी येत नाही."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिला दुसरा चहा केला. चहा घेऊन आले तर ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"हे एक जात नाही. पासवर्ड मागतंय."

त्याचं नाव होतं 'घरची काळजी'. ते कुठेच दिसत नव्हतं, तिने आतल्या यादीतून शोधून काढलं होतं. जाहिराती दाखवणाऱ्यांपैकी ते नव्हतं. ते दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो काढत होतं आणि पाठवत होतं. माझी पत्रं, बारा नंबरची पत्रं, पत्त्यांचे डाव, सगळं.

"चोर?" मी विचारलं.

"बाहेरून आलेलं नाही मावशी. कुणीतरी इथे खुर्चीत बसून घातलंय. दोन वर्षांपूर्वी, सतरा तारखेला." तिने बोट टेकवलं. "आणि फोटो या पत्त्यावर जातात."

पत्ता 'बोका'ने सुरू होत होता. पुढे त्याच्या जन्माचं साल.

सतरा तारीख मला आठवली. तो आला होता. 'आई, तुझा संगणक जरा साफ करून देतो,' म्हणाला होता. मी त्याच्या आवडीचं जेवण केलं होतं आणि शेजारणीला सांगितलं होतं की मुलगा असावा तर असा.

मी तिथेच बसले. पहिल्यांदा मला बोक्याचा राग आलाच नाही, मला बारा नंबर आठवली. तीन आठवडे मी तिला वाळीत टाकलं होतं, आणि ती बिचारी विचारत राहिली की आजारी आहेस का. मला रडू फुटलं. दुरुस्तीवालीने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग मात्र राग आला, आणि जो आला तो असा की रडणं जागच्या जागी थांबलं.

"काढू का?" तिने विचारलं. "पासवर्डशिवायही काढता येईल. वेळ लागेल थोडा."

"थांब. फोटो अजून जातायत ना?"

"जातायत."

"जाऊ देत. मला कळफलक दे."

माझ्या हातून खटका वर करायचा राहिला असं एकदाच घडलं आहे. बावीस वर्षांची होते. एक माणूस दूरच्या गावाहून बायकोला सांगत होता की नोकरी गेली. सांगता सांगता रडायला लागला. मी दोरी खोचली, दोन हॅलो ऐकले, आणि माझा हात काही वर गेला नाही. ऐकतच राहिले. वाईट वाटत होतं म्हणून ऐकत होते, चोरून ऐकावं असा विचारही मनात नव्हता. तो मध्येच गप्प झाला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, ऐकून झालं असेल तर लाइन सोडा." त्याला माझा श्वास ऐकू गेला असणार. त्यानंतर माझा खटका कधी उघडा राहिला नाही.

मी कोरं पान उघडलं. अक्षरं मोठ्यात मोठी केली, म्हणजे फोटोत नीट यावीत, आणि लिहिलं.

'बोक्या, तू वाचतोयस हे मला आता कळलंय, म्हणून तुलाच लिहिते. दोन वर्षं तू माझी पत्रं वाचलीस. त्यांतली निम्मी बारा नंबरची होती. तिने तिच्या घरातलं मला सांगितलं होतं, तुला नाही. मी पडले हे तुला त्याच दिवशी कळलं. कळल्यावर मुलगा धावत येतो. तू यादी केलीस. ही यादी दाखवून तू मला घराबाहेर काढणार होतास. मी निघणार नाही. टेम्पो आणलास तर रिकामा परत जाईल. आता ऐकून झालं असेल तर लाइन सोड. तुझ्या हाताने सोड, इथे येऊन. आई.'

दहा मिनिटं आम्ही दोघी पडद्यासमोर बसून राहिलो. तिने घड्याळ लावलं होतं. "गेला," ती म्हणाली. मग तिने आवराआवर केली, एका कागदावर मला लिहून दिलं: फुकटचं उतरवताना खुणा वाचायच्या, लाल अक्षरांना भीक घालायची नाही, संगणकाचा मुख्य पासवर्ड फक्त आपल्याकडे, मुलाकडेही नाही. शेवटच्या दोन शब्दांखाली तिने दोन रेघा मारल्या.

बोका दीड तासात आला. कचेरीच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र तसंच. धापा टाकत होता.

"आई, ते मी काळजीपोटी..."

"नाव वाचलं मी त्याचं."

"तू एकटी असतेस. मी तिकडे. तू काही सांगत नाहीस. मी काय करायचं होतं?"

"विचारायचं होतं!"

"विचारलं होतं!" त्याचाही आवाज चढला. "पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोन केला होता. विचारलं, सगळं ठीक ना? काय म्हणालीस?"

मी ठीक म्हणाले होते, हे खरं होतं. पायाला गरम पाण्याची पिशवी लावून, दात आवळून म्हणाले होते.

"खोटं बोलले," मी म्हणाले. "का बोलले? खरं सांगितलं की तू टेम्पो आणणार हे ठाऊक होतं म्हणून. आणि झालंही तेच. पण बोक्या, माझं खोटं माझ्या तोंडून होतं. तू माझ्या पाठीमागे उभा राहून दोन वर्षं वाचत होतास. दोन वर्षांपूर्वी तुझा फोन अर्धा तास चालायचा. नंतर तीन मिनिटांवर आला. मला वाटायचं, कामं वाढली असतील. तुला सगळं आधीच माहीत असायचं, मग विचारशील कशाला?"

तो ओळखपत्राच्या दोरीशी चाळा करत उभा राहिला. मी त्याचा हात धरला, लहानपणी धरायची तसा मनगटाला, आणि त्याला न्हाणीघरात नेलं.

"हे काय आहे?"

"कठडा."

"ओढून बघ."

त्याने ओढून बघितला. मग दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. दांडा हलला नाही.

"कधी बसवलास?"

"तीन आठवडे झाले. तुझ्या फोटोत आला नाही ना? कारण मी तो कुणाला लिहिलाच नाही. बारा नंबरने चुगली केली असं वाटून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. गॅसजवळ घड्याळ आहे, तेही बघ. गोळ्यांची डबी बघ, आज बुधवार आहे, बुधवारचा कप्पा रिकामा आहे. बघ ना! एवढं बघायची हौस आहे तर घर उघडं आहे."

त्याने घड्याळ बघितलं, डबी बघितली. बुधवारच्या कप्प्यात बोट घालून बघितलं, शहाण्याने. मग गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. खांदे हलत होते. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं नाही. आधी काम.

"संगणकासमोर बस," मी म्हणाले.

तो बसला. 'घरची काळजी'ने पासवर्ड मागितला. त्याने बोटं कळफलकावर ठेवली आणि मी तोंड दुसरीकडे फिरवलं. सवय आहे. दुसऱ्याचं काही चालू असताना माझी मान आपोआप वळते. मान परत वळवली तेव्हा तो टाईप करायचा थांबून माझ्याकडेच बघत होता. मी काय केलं ते त्याला कळलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"गेलं," तो थोड्या वेळाने म्हणाला. मी दुरुस्तीवालीने सांगितल्याप्रमाणे आतली यादी उघडून स्वतः खात्री करून घेतली. मग त्याला जेवायला वाढलं.

तो गेल्यावर मी बारा नंबरला पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. तिची पत्रंही वाचली गेली हे सांगितलं, तिच्यावर संशय घेतला हे सांगितलं, माफी मागितली. दोन दिवस उत्तर नाही. मी दर तासाला उघडून बघत होते. तिसऱ्या दिवशी आलं. 'मी चुगली करीन असं तुला वाटलंच कसं? चौतीस वर्षं काय बोर्डाकडे बघत होतीस? अजून आठ दिवस मी रागावलेली राहणार आहे. कठडा कोणत्या बाजूला बसवलास? बारा.' मी लगेच कळवलं, डाव्या.

एक तारीख उजाडली. सकाळपासून मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. दोन टेम्पो रस्त्यावरून गेले, एकही थांबला नाही. जेवले, उभ्याउभ्या. वर्तमानपत्र उघडलं तर एक चौकट लाल लुकलुकली. मी हाताची घडी घालून तिच्याकडे बघत बसले. मानेवर कुणी आलं नाही.

दुपारी फोन वाजला. बोका होता. म्हणाला, "आई, गुडघा कसा आहे?"

त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला माहीत नव्हतं आणि म्हणून तो विचारत होता. 'ठीक' माझ्या जिभेवर आलंही होतं.

"दुखतोय," मी म्हणाले. "जिना उतरताना जास्त. परवा अर्ध्यावर बसावं लागलं."

मी कान देऊन ऐकत होते.

"येऊ का?" त्याने विचारलं.

"रविवारी ये," मी म्हणाले. "बसनं ये. टेम्पो आणू नकोस."